दोन व्याही, एक पारा

आमच्या आतोबांना उकडत नाही. त्यांना थंडीही वाजत नाही. ‘काय ऊन आहे हो!’ किंवा ‘गारठा पडला बुवा’ असलं चारचौघांसारखं वाक्य त्यांच्या तोंडून निघालेलं मी जन्मात ऐकलेलं नाही. त्यांना फक्त डिग्र्या होतात, आणि त्याही फॅरेनहाइटमध्ये. साऱ्या देशाने हवामानासाठी सेल्सिअस कधीच आपलंसं केलं. रेडिओने केलं, वर्तमानपत्रांनी केलं, टीव्हीने केलं, मोबाइल तर जन्मालाच सेल्सिअस घेऊन आला. एवढं होऊनही साताऱ्यात एक गृहस्थ असे आहेत की ज्यांनी ही गोष्ट अजून मंजूर केलेली नाही, आणि ते माझ्या आत्याचे यजमान आहेत.

आतोबा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. ऐन तरुणपणी त्यांची नेमणूक एका धरणावर झाली होती. तिथल्या बंगल्याच्या व्हरांड्यात साहेबाच्या अमदानीतला, पितळी चौकटीतला भलाथोरला थर्मामीटर होता आणि त्यावर फक्त फॅरेनहाइटचे आकडे होते. आजूबाजूला माणूस नाही, मारुतीच्या देवळाखेरीज करमणूक नाही, अशा जागी त्या थर्मामीटरशी त्यांची जी मैत्री जमली ती आत्याशी लग्न झाल्यावरही उतरली नाही. पुढे बंगल्याची डागडुजी झाली तेव्हा तो अडगळीत जाणार होता. आतोबांनी रीतसर अर्ज करून तो मागून घेतला. आता तो साताऱ्याच्या घरी गॅलरीत असतो. रोज सकाळी दात घासून झाले की आतोबा त्याच्यासमोर उभे राहतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आकडा सांगतात. थंडीच्या दिवसांत “एकसष्ट!”, उन्हाळ्यात “अठ्ठ्याहत्तर!” समोरच्या घरात नवी सून आली तेव्हा पहिले काही दिवस तिची समजूत होती की या गल्लीत म्हातारी माणसं भल्या पहाटे हौजी खेळतात. एकदा तर तिने सासूला विचारलं म्हणे, “यांचं अजून हाऊसफुल्ल झालं नाही का?”

चहाच्या बाबतीतही तेच. त्यांना चहा ‘गरम’ लागत नाही, एकशे चाळीसचा लागतो. स्टँडजवळ एक कोरेगावचा चहावाला आहे. आतोबा त्याला नेहमी बजावतात, “हे बघ, एकशे चाळीसच्या वर जिभेला पोळतं आणि एकशे वीसच्या खाली चहाचं सरबत होतं.” तो शांतपणे म्हणतो, “आवं सायेब, साखर किती त्येवडं सांगा. डिग्रीचं मी बघतो.” आणि देतो तो चहा आतोबा फुंकर मारून, डोळे मिटून पितात आणि म्हणतात, “बरोबर एकशे चाळीस.” दुसऱ्याच्या चहाबद्दल इतका आदर मी कुठे पाहिलेला नाही.

घरातल्या गीझरवर सेल्सिअसचे आकडे होते म्हणून त्यांनी त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून आपले आकडे काढले. टीव्हीवरच्या बातम्यांत ती मुलगी “साताऱ्यात उद्या कमाल तापमान पस्तीस अंश” म्हणाली की हे तिच्या तोंडावर “पंच्याण्णव!” म्हणून ओरडतात, जणू तिने शब्द चुकीचा उच्चारला आहे. आम्हा भाचरांना त्यांनी लहानपणी शुभंकरोतीच्या जोडीने एक मंत्र पाठ करायला लावला होता: दुप्पट करा, त्यातून दहावा भाग वजा करा, बत्तीस मिळवा. मला आजही रस्त्यात कुठे तापमानाची पाटी दिसली की आधी बत्तीस मिळवल्याशिवाय घाम येत नाही. आत्या मात्र या सगळ्याच्या पलीकडे गेलेली आहे. ती म्हणते, “माझ्या स्वयंपाकघरात तीनच तापमानं आहेत. गार, कोमट आणि हात भाजला.”

त्यांचा मुद्दा तसा साधा आहे, आणि तो त्यांनी मला इतक्यांदा सांगितला आहे की मी झोपेतही सांगू शकेन. “अरे, शून्य म्हणजे भयंकर थंड, शंभर म्हणजे भयंकर गरम. मधे सगळा संसार. ही माणसाची पट्टी आहे! सेल्सिअसचं काय? शून्याला पाणी गोठतं, शंभरला उकळतं. ती पाण्याची पट्टी. आता तू सांग, तू माणूस आहेस की पाणी?”

या प्रश्नाला आयुष्यात पहिल्यांदा उत्तर मिळालं ते सांगलीत.

त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या आतेबहिणीचं, मीनलचं लग्न सांगलीच्या एका घरात ठरलं. माणसं मोठी मोकळी. मूळची जतकडची, आता सांगलीत स्थायिक. व्याह्यांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. उंचेपुरे, पांढऱ्या मिशा, बोलणं रांगडं आणि मन लोण्याचं. पहिल्याच भेटीत ते आम्हाला कौतुकाने स्टोरेज दाखवायला घेऊन गेले. जाड दार उघडून आत नेलं. छतापर्यंत बेदाण्याच्या खोक्यांच्या राशी. व्याही अभिमानाने म्हणाले, “पाव्हणं, हितं चार डिग्री म्हंजी चार. काटा हालत न्हाई.”

“चार?” आतोबा म्हणाले. “चारला बेदाण्याचे दगड होतील. हे एकोणचाळीस पॉइंट दोन आहे.”

व्याह्यांना आधी वाटलं पाहुणे थट्टा करताहेत. ते हसले. आतोबा हसले नाहीत. मग त्या बेदाण्यांच्या साक्षीने जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. आतोबांनी माणसाची पट्टी काढली, व्याह्यांनी धंद्याची काढली. आम्ही बाकीचे कुडकुडत केव्हाच बाहेर पडलो, पण ते दोघे आतच. आधी बाहेर पडेल तो हरला, असं दोघांनीही मनाशी धरलेलं. दाराच्या छोट्या काचेतून दिसत होतं, दोघांचे हात छातीशी आवळलेले, दात कडाकडा वाजताहेत आणि तोंडातून वाफेबरोबर डिग्र्या बाहेर पडताहेत. शेवटी आतोबांनी आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. “मला एवढंच सांगा, तुम्ही माणूस आहात की पाणी?”

व्याह्यांनी क्षणभर विचार केला. “आवं पाव्हणं, माणसात निम्म्याच्या वर पाणीच आसतंय की.”

मग दोघे एकदम बाहेर आले, कारण दोघांच्याही नाकातून त्या निम्म्यातलं थोडं पाणी यायला लागलं होतं.

इथे गोष्ट मिटायला हरकत नव्हती. पण आतोबा निरुत्तर झाले होते, आणि निरुत्तर आतोबा फार धोकादायक असतात. लग्न सांगलीत, ऐन मे महिन्यात. व्याह्यांनी हौसेने एसी कार्यालय घेतलं आणि साताऱ्याच्या मंडळींना फोन करून कळवलं, “काळजी करू नगा, आत बावीस डिग्री ठेवणार हाय.” झालं. मुलीचे वडील मांडवात आले ते स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून. ज्याने त्याने विचारावं, “बरं वाटत नाही का?” आणि यांनी निरागसपणे सांगावं, “व्याह्यांनी बावीस डिग्री म्हटलं होतं हो. बत्तीसला पाणी गोठतं. मला वाटलं, बर्फ पडणार.” वऱ्हाडातली तरुण पोरं हसून लोळली. मीनलच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि व्याह्यांचा चेहरा पडला. त्यांनी मांडवात कुठलीच कसर ठेवली नव्हती, आणि लोक आठवण ठेवणार होते ती कानटोपीची.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. भांडण नाही, शब्दाला शब्द नाही, नुसतं बंद. फोन बायका बायकांचे व्हायचे. दिवाळीला सांगलीहून बेदाण्याची पेटी आली तिच्यावर मार्करने ठसठशीत लिहिलेलं: ‘पंचवीस अंशाला ठेवावे.’ आतोबांनी ती पेटी उघडायची नाही असं ठरवलं. आत्याने ती दुपारी उघडली आणि शिऱ्यात घातली. मीनल दोन्हीकडे समजावून दमली. तिला मुलगी झाली तेव्हा दोन्ही आजोबा दवाखान्यात पाळण्याच्या दोन बाजूंना उभे राहून एकाच बाळाशी बोलत होते, एकमेकांशी नाही. मला म्हणाली, “दादा, माझ्या पोरीला दोन आजोबा आहेत, पण एका वेळी एकच मिळतो.” हे तिने हसत सांगितलं, पण मला काही हसू आलं नाही.

नातीचा पहिला वाढदिवस मे महिन्यात आला. आत्याने आतोबांना निक्षून सांगितलं, “गुपचूप गाडीत बसायचं.” मी गाडी चालवत होतो. मलकापूर मागे पडेपर्यंत आतोबा गाडीच्या एसीवरच्या आकड्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. सांगलीत पोचलो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घरी व्याही नव्हते. स्टोरेजचा ट्रान्सफॉर्मर गेला होता आणि सकाळपासून ते तिकडेच होते. जावई म्हणजे मीनलचा नवरा पण तिथेच. लोकांचा वर्षाचा माल आत, त्यामुळे जनरेटर आणवून तो चालू करीपर्यंत व्याही तिथून घरी आले नव्हते. आत चार डिग्री, बाहेर बेचाळीस, आणि हा माणूस सारखा आतबाहेर करत होता.

जेवणं होऊन आम्ही टेकलो होतो. मीनल बाळाला घेऊन वर गेली होती. तेवढ्यात व्याही आले. चेहरा लालबुंद, कपाळ कोरडं ठणठणीत. माझ्याकडे बघून म्हणाले, “का रं गड्या, डिझेल आणलंस का?” मी चमकलो. विहीणबाई म्हणाल्या, “आवं, ह्ये साताऱ्याचं पाव्हणं हायती.” ते नुसतेच “व्हय व्हय” म्हणाले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “पंखा बंद कर. थंडी वाजतीया.”

विहीणबाईंनी थर्मामीटर आणून लावला. बटणाचा, आणि अर्थातच सेल्सिअसवर ठेवलेला. त्यांनी वाचलं, “चाळीस पॉइंट पाच.”

“चाळीस?” व्याही डोळे मिटून हसले. “भाईर बेचाळीस हाय. म्हंजी मी गारच हाय की.”

आणि खरं सांगतो, त्या दिवाणखान्यात कोणी हललं नाही. चाळीस. रोज टीव्हीवर ऐकलेला आकडा. विहीणबाई म्हणाल्या, “उन्हाचं झालंय. लिंबू सरबत देते.” आत्या म्हणाली, “जरा पडा.” मंत्र पाठ असूनही माझ्या डोक्यात नेमका त्या वेळी गुणाकार चालेना.

कोपऱ्यातल्या सोफ्यावर आतोबा पेपर तोंडासमोर धरून बसले होते. व्याही घरात आल्यापासून त्यांनी तो खाली घेतला नव्हता. आता पेपरच्या मागून पुटपुट ऐकू आली. “एक्क्याऐंशी… आठ गेले…” पेपर खाली पडला. आतोबा उभे राहिले आणि गॅलरीत उभं राहून गल्ली उठवणारा तो आवाज त्या घरात दणाणला:

“एकशे पाच! अहो, एकशे पाच ताप आहे यांना!”

विहीणबाईंच्या हातातला पेला खाली पडला. “एकशे पाच? अगं बया!” चाळीसने जे घर जागचं हललं नव्हतं ते एकशे पाचने उभं राहिलं. मीनल जिन्यावरून धावत आली. आतोबा हुकूम सोडत होते आणि आम्ही सगळे पळत होतो. “शर्ट काढा त्यांचा. चादर भिजवून आण. टाकीचं नको, ते पाणी तापलेलं असेल, माठातलं आण! फ्रिजमधला बर्फ घाल त्यात. पंखा पाचवर. सरबत राहू दे, शुद्धीत नाही नीट, ठसका लागेल. गाडी दाराशी लाव!” व्याही कुरकुरत होते, “पाव्हणं, आवं गंजी नवी हाय.” आतोबा त्यांच्या डोक्यावर गार पाणी ओतत म्हणाले, “वाळेल.” दोन वर्षांत ते एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द.

गाडीत मागच्या सीटवर व्याह्यांचं डोकं आतोबांच्या मांडीवर होतं. ओली चादर, सगळी सीट चिंब. एक हात कपाळावर आणि दुसऱ्या हाताने त्या कानटोपीवाल्या माणसाने आत्याच्या पिशवीतल्या हातपंख्याने सारं अंतर वारा घातला. मी आरशातून बघत होतो. ते आकडे पुटपुटत होते असं मला वाटलं, पण नंतर कळलं, रामरक्षा चालली होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या, आणि घरच्या बाकीच्या तिघी आमच्या मागोमाग रिक्षाने पोचल्या. त्यांनी भराभर सलाईन लावलं, बर्फ लावला आणि विचारलं, “घरी ताप किती होता?” विहीणबाई, आत्या, मीनल आणि मी एका सुरात म्हणालो, “एकशे पाच.” त्यांनी कागदावर तोच आकडा लिहिला. आतोबा वाकून बघत होते. “तुम्ही फॅरेनहाइटमध्ये लिहिता?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो काका. आमच्याकडे तापाला तेच. लोकांना शंभर कळतं.” मग त्या म्हणाल्या, “उष्माघातच आहे. पण घरी भिजवलंत आणि लगेच आणलंत, हे फार बरं झालं. लोक झोपवून ठेवतात.”

सारं आयुष्य ज्या वाक्याची वाट पाहिली ते ‘लोकांना शंभर कळतं’ आतोबांना एका डॉक्टरच्या तोंडून मिळालं होतं. दुसरा कोणी असता तर अजिंक्यताऱ्यावर जाऊन निशाण लावून आला असता. आतोबा कॉटशेजारच्या स्टुलावर जाऊन बसले आणि उठायला तयार होईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही नीट शुद्धीवर आले. नर्सने ताप बघितला आणि म्हणाली, “अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.”

व्याह्यांनी घाबरून विचारलं, “म्हंजी किती?”

आत्या माझ्याकडे बघत होती. हीच ती संधी होती. माणसाची पट्टी, पाण्याची पट्टी, कानटोपी, बेदाण्याची पेटी, सगळ्याचा हिशेब एका वाक्यात चुकता करता आला असता. आतोबा स्टूल जवळ ओढून म्हणाले, “सदतीस, पाव्हणं. अगदी सदतीस.”

व्याह्यांनी उशीवरून मान उचलली. “तुमी शेल्सियस बोलला.”

“तुम्ही आजारी आहात म्हणून,” आतोबा म्हणाले. “सवय लावून घेऊ नका.”

व्याही इतके हसले की सलाईनची नळी हलायला लागली आणि नर्स धावत आली. आतोबाही हसत होते. मीनल मात्र दाराशी उभी राहून रडत होती, आणि तिच्या कडेवरची पोर एकाच वेळी दोन्ही आजोबांकडे हात पसरत होती.

राहिलेला वाढदिवस पुढच्या आठवड्यात झाला तो असा झाला की लग्न फिकं पडावं. व्याह्यांनी सगळी भावकी बोलावली, स्टोरेजवरचे कामगार बोलावले. केक कापायच्या आधी हातात फेटा घेऊन ते उभे राहिले आणि म्हणाले, “मंडळी, चाळीसनं मला मारलाच हुता. ह्या पाव्हण्यांच्या एकशे पाचनं वाचवला. आजपास्नं ह्या घरात ताप फारनाइटमधी आणि हवा शेल्सियसमधी. भांडान संपलं.” त्यांनी स्वतःच्या हाताने आतोबांना फेटा बांधला. टाळ्या, शिट्ट्या, हलगी. त्या फेट्यातले आतोबा अडीच फुटांनी तरी उंच झाले होते. मांडवात पोरं ओरडत होती, “एकशे पाचवालं आज्जा लय भारी!” स्टोरेजवरचे हमाल अजूनही त्यांना ‘एकशे पाच सायेब’ म्हणतात आणि आतोबा त्या हाकेला मान तुकवतात. पेन्शन मिळाली तेव्हाही ते इतके खूश झाले नव्हते, असं आत्या सांगते.

मग दोघांचं रोजचं फोन करणं सुरू झालं. सांगलीची हवा, साताऱ्याची हवा, आणि तह झालेला असूनही रोज अर्धा तास भांडण. भांडण असं की ऐकणाऱ्याला वाटावं, पुन्हा काही तुटलं. पण फोन ठेवताना आतोबा न चुकता म्हणायचे, “उद्या बोलू.”

गेल्या वर्षी व्याह्यांचा धाकटा मुलगा त्यांना आणि विहीणबाईंना अमेरिकेला घेऊन गेला. सांगलीचा उन्हाळा आता त्यांना सोसायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्टोरेज जावई बघतात. तिकडे अर्थातच सगळं फॅरेनहाइटमध्ये. परवा मी साताऱ्याला होतो तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज स्पीकरवर होता. “पाव्हणं, आज हितं पंचावन्न हाय. फिरायला बेस हवा. आवं, तुमचं खरं हाय बगा. ह्येच बरं पडतंय माणसाला. मी आता शेल्सियस इसरलो बी.”

आतोबा “हो का, छान, छान” म्हणाले. पाच मिनिटांतच बोलणं संपलं. फोन ठेवून ते गॅलरीत गेले आणि थर्मामीटरकडे न बघताच परत आले.

आत्या म्हणाली, “आता काय झालं? जिंकलात की. एवढा मोठा माणूस तुमच्याकडे आला.”

“हो ना,” आतोबा म्हणाले. त्यांनी फोन उचलला, पुन्हा खाली ठेवला. “पण त्यांनी इतक्या लवकर मान्य करायला नको होतं गं. आता उद्या बोलायचं तरी काय?”